माझ्या मते, स्वल्पविराम

त्या वर्षी, १९८८ साली, दहावीची इतिहासाची परीक्षा झालीच नाही. नुसती आमच्या शाळेत नाही, अख्ख्या सोव्हिएत देशात झाली नाही. पुस्तकांत बरंच खोटं लिहिलंय, तेव्हा त्यावर मुलांची परीक्षा घेण्यात अर्थ नाही, असं चक्क पेपरात छापून आलं. हे कळलं तेव्हा मी बटाट्याच्या सऱ्यांत खुरपं घेऊन उभा होतो. तो विषय सव्वीस वर्षं शिकवणारा मी मटकन ढेकळावर बसलो आणि हसत सुटलो. कुंपणापलीकडच्या शेजारणीला वाटलं, मास्तरांना ऊन लागलं.

एवढं हसू का आलं, ते सांगायचं तर दोन महिने मागं जावं लागेल.

मी इमानाली. चीनच्या सीमेजवळच्या डोंगरांत, नारीनच्या खोऱ्यातल्या आमच्या गावच्या शाळेत इतिहास शिकवायचो. माझी ख्याती एकच होती: माझं मूल नापास होत नाही. परीक्षा तोंडी असायची. टेबलावर तीस चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असत. मुलानं एक उचलायची आणि तिच्यावरच्या प्रश्नाचं उत्तर परीक्षकांपुढं उभं राहून द्यायचं. तीसही उत्तरं मी वर्गात सांगून लिहवून घ्यायचो आणि मुलं ती पाठ करायची. नियमात असंही होतं की विद्यार्थ्यानं स्वतःचं मत मांडावं. म्हणून मी मतही लिहवून घ्यायचो. "लिहा," मी म्हणायचो, "माझ्या मते, स्वल्पविराम..." बावीस माना खाली जायच्या आणि बावीस वह्यांत एकच मत उतरायचं. एका वर्षी एक मुलगी परीक्षकांपुढं "माझ्या मते स्वल्पविराम" असंच तोंडानं म्हणाली. कुणी हसलं नाही. तिला पाचपैकी पाच मिळाले.

मी वाईट मास्तर नव्हतो. कुणावर हात उचलला नाही, कुणाकडून कोकरू घेतलं नाही. पोरं पास झाली पाहिजेत, पुढं शिकायला राजधानीत, फ्रुंझेला गेली पाहिजेत, एवढंच मला हवं असायचं. मॉस्कोत आता लोक मोकळं बोलायला लागलेत असं रेडिओ सांगायचा. पण मॉस्को आमच्यापासून चार दिवस लांब होतं, आणि जिल्ह्याचं शिक्षण कार्यालय बसनं दीड तासावर.

एप्रिलमध्ये आम्ही परीक्षेची तालीम घेत असू. त्या वर्षी तालमीला जिल्ह्याचे निरीक्षक येऊन बसले. शेजारी आमच्या मुख्याध्यापिका सायराकान. वयानं थोरल्या म्हणून आम्ही सगळे त्यांना एजे म्हणायचो, जशी मुलं मास्तरांना आगाय म्हणतात. आवाज असा की मैदानात ओरडल्या तर रस्त्यावरचा घोडा थांबायचा.

पहिला रिस्पाय उठला. तो सुवर्णपदकाचा उमेदवार होता. छोटासा, चष्मेवाला. बोलायला लागला की नळ सोडल्यासारखा. त्यानं उत्तर एका दमात संपवलं आणि निरीक्षकांनी मान हलवली. त्याच्यानंतर बुरुल आली. ही मेंढपाळाची मुलगी, उंच, हाडकुळी, वर्गात सहसा तोंड न उघडणारी. तिनं चिठ्ठी उचलून वाचली. चौदा नंबर. 'सन १९१६चा उठाव : कारणे आणि महत्त्व.'

कारणं चार, महत्त्वाचे मुद्दे तीन. तिनं सातही नीट सांगितले. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणत होतो. मग ती "माझ्या मते" म्हणाली आणि थांबली. स्वल्पविरामाला थांबतात त्याहून जरा जास्तच.

"माझ्या मते हे उत्तर अर्धंच आहे," ती म्हणाली. "माझ्या आजीचं नाव तेन्ती. म्हणजे भटकी. झारच्या फौजेच्या भीतीनं आपली माणसं चीनकडं पळाली, तेव्हा ती बेदेलच्या खिंडीत बर्फात जन्मली. खिंडीत इतकी माणसं मेली होती की मागून येणाऱ्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. आणि पुस्तकात 'पळाले' हा शब्दसुद्धा नाही. तो का नाही, तेवढं मला कळत नाही."

निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडं वळून रशियन रिवाजानं, माझ्या बापाच्या नावासकट हाक मारली.

"इमानाली काचकिनोविच, हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही!" मी म्हणालो. इतक्या झटक्यात, की आजही ते 'नाही' आठवलं की कान गरम होतात.

"मग कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," बुरुल म्हणाली. "घरी बोलतात."

मुलांना बाहेर काढल्यावर निरीक्षकांनी निकाल दिला. मुलीला तालमीत पाचपैकी दोन, म्हणजे नापास. जूनमध्ये खऱ्या परीक्षेला ते स्वतः येणार. तिथं ती नीट बोलली तर ठीक. नाही बोलली तर ती नापास, आणि मग शिक्षकाच्या कामाचाही विचार करावा लागेल. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, चहा घेतला आणि बस पकडली.

बस वळणाआड जाईपर्यंत एजे हात हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत तुझ्या वर्गातून एक मूल विचार करायला लागलं, तेही नेमकं निरीक्षकासमोर! तुझं नशीबच फुटकं, इमानाली."

"मी काय करू, एजे?"

"जा तिच्या घरी. समजाव. तुझं पोट आहे, माझं पेन्शन आहे, आणि त्या पोरीला गुरांची डॉक्टर व्हायचंय. पुस्तकातलं सांग म्हणावं, पास हो, आणि मग खिंडीत जाऊन हवं तेवढं ओरड."

शनिवारी शेजाऱ्याचा घोडा मागून घेतला आणि निघालो. मेंढ्या व्यायचे दिवस होते. बुरुलचं घर गावाबाहेर मेंढवाड्यालगत, मातीचं, बुटकं. बुरुल दारातच होती. कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, हात रक्तानं माखलेले, मांडीवर नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि त्याच्या नाकातला चिकटा ती गवताच्या काडीनं काढत होती.

"आत बसा, आगाय," ती म्हणाली. "हे श्वास घ्यायला लागलं की आलेच."

आत तेन्ती आजी. बहात्तर वर्षांची, चेहरा सुकलेल्या जर्दाळूसारखा. तिनं मीठ-दुधाचा चहा ओतला, तळलेल्या पिठाचे बोरसोक पुढं सरकवले आणि मला खाऊ दिलं. मग म्हणाली, "मास्तर शनिवारी आले, तेही उसन्या घोड्यावर. म्हणजे पोरीनं काहीतरी केलंय."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारी चिडेल. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "कशाला बोललीस गं? माझ्या जन्माचं काय एवढं? मी जन्मले, ते माझ्या आईला कळलं, झालं. आता त्यासाठी तू नापास होणार? मास्तर सांगतील तसं बोल. आम्हीही सांगितलं तसंच बोलत आलो. म्हणून तर उरलो."

बुरुल दारात हात पुसत उभी होती. "आजी, तू मला हे सांगितलंस तेव्हा रडलीस."

"शंभर वेळा रडले असेन. परीक्षेत रडायचं नसतं."

मग बुरुल माझ्याकडं वळली. "आगाय, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुमच्या वडलांचं नाव काचकिन. म्हणजे पळालेला. ते कधी जन्मले?"

कुणीतरी भरल्या वर्गात माझी वही उघडून वाचावी तसं मला झालं. रोज हजेरीपटावर मी ते नाव लिहितो. निरीक्षक तेच नाव घेऊन मला हाक मारतात. अर्धा गाव मला काचकिनचा पोरगा म्हणतो. आणि सव्वीस वर्षं मी पोरांना त्या उठावाची चार कारणं लिहवून घेत होतो.

"सोळा साली," मी म्हणालो. "सोळाच्या हिवाळ्यात."

"कुठं?"

"माहीत नाही."

तेन्ती आजीनं माझा वाडगा पुन्हा भरला. "चीनमध्ये. उच-तुरफानजवळ, एका माणसाच्या गोठ्यात," ती सहज म्हणाली. "तुझी आजी आणि माझी आई एकाच गोठ्यात होत्या. माझ्या आईनंच मला सांगितलं. तुला कुणी सांगितलं नाही का, लेकरा?"

कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. बाप जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

निघताना बुरुल घोड्याचा लगाम धरून फाटकापर्यंत आली. म्हणाली, "आगाय, तुमचं नुकसान व्हायला नको मला. पण चौदा नंबर आला तर मी ते सात मुद्दे सांगून गप्प राहीन. 'माझ्या मते' म्हणून जे लिहून दिलंय ते नाही म्हणणार. ते माझं मत नाही."

"तेवढ्यावर तो तुला नापास करेल."

"करू दे की मग."

घोडा आपल्या मनानं घरी आला. मी फक्त वर बसलो होतो.

मे महिना कसा गेला ते मलाच माहीत. तिला गप्प करायचं मन होईना आणि बोल म्हणायची छाती होईना. शेवटी माझ्यासारख्या माणसाला सुचेल तेच मला सुचलं: परीक्षेच्या आधी गठ्ठ्यातून चौदा नंबरची चिठ्ठीच काढून टाकायची. पालथ्या चिठ्ठ्या मोजायला कोण बसतंय? परीक्षेला चार दिवस असताना, दुपारी शाळा रिकामी बघून मी कार्यालयातलं कपाट उघडलं, पाकीट काढलं आणि चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. बारा, तेरा, पंधरा. पुन्हा मांडल्या. एकोणतीसच. चौदा नंबर नव्हताच.

चिठ्ठी आधीच गेली होती, आणि कपाटाच्या किल्ल्या दोघांकडंच: एक माझ्याकडं, एक एजेंकडं. एजे असं काही करतील हे मनातही आलं नाही; वाटलं, निरीक्षकांनी सापळा लावला. चिठ्ठी त्यांनीच नेली असणार, आणि परीक्षेच्या दिवशी म्हणणार, मोजा बघू. सगळं होतं तसं ठेवून मी घरी गेलो आणि खुरपं उचललं. माणसाला काही सुचेनासं झालं की तो बटाटे खुरपतो.

तासाभरानं फाटक खडखडलं. एजे पळत येत होत्या. त्यांना पळताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. डोक्याचा रुमाल मानेवर घसरलेला, हातात पेपर.

"इमानाली! रद्द!"

"काय रद्द? मी?"

"तुला कोण कशाला रद्द करेल, येड्या! परीक्षा रद्द! इतिहासाची. सगळ्या देशात. जिल्ह्यातून फोनही आला. नवी पुस्तकं येईपर्यंत परीक्षा नाही. त्याऐवजी मुलांशी नुसत्या गप्पा मारायच्या. गुण नाहीत."

मी पेपर हातात घेतला. अक्षरं दिसत होती, पण आत शिरत नव्हती. एजे शेजारच्या सरीवर बसल्या, धापा टाकत. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि माझ्या हातातल्या पेपरावर टाकला. चौदा नंबर.

"मागच्या आठवड्यातच काढली होती," त्या म्हणाल्या. "पोरीचं वाटोळं नको. तुझंही नको. आणि मुख्य म्हणजे माझं नको. आठ दिवस उशीखाली ठेवून निजतेय. झोप लागलेली नाही."

"एजे, मी आज तीच चोरायला गेलो होतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. तेव्हा मी ढेकळावर बसलो आणि हसत सुटलो, आणि पाठोपाठ त्याही. सव्वीस वर्षं ज्या बाईची मला धडकी भरायची ती माझ्या बटाट्यात बसून पोट धरून हसत होती. शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "दोन म्हातारे चोर. आणि चोरी केली कशाची, तर कागदाच्या कपट्याची."

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. मला वाटलं, पोरं टोप्या उडवतील. मागच्या बाकावरच्या चौघांनी उडवल्याही. पण रिस्पाय रडायला लागला.

"तीस चिठ्ठ्या पाठ केल्या, आगाय," तो हुंदके देत म्हणाला. "तीसच्या तीस! आता त्यांचं मी काय करू?"

ती मीच त्याच्या डोक्यात भरली होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "सोमवारी ये. गप्पा मारू."

सोमवारी बावीसजण आले, इस्त्रीचे कपडे घालून. टेबलावर चिठ्ठ्या नाहीत, लाल कापड नाही, निरीक्षक नाहीत. मी म्हणालो, "बोला. जे वाटेल ते. पुस्तकातलं, पुस्तकाबाहेरचं, काहीही."

कुणी बोलेना. मी वाट पाहिली. मला वाटलं होतं, बुरुल तरी बोलेल. तीही बाकाकडं बघत बसलेली. बऱ्याच वेळानं रिस्पायनं हात वर केला. मला बरं वाटलं.

"आगाय," त्यानं विचारलं, "तुम्हाला कुठलं उत्तर हवंय?"

तो खवचटपणे विचारत नव्हता, हे सगळ्यात वाईट. मन लावून विचारत होता. कुठलं हवंय ते कळलं तर तो ते नक्कीच देणार होता, बिनचूक. आणि बाकीची वीस-एकवीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती, वह्या उघडून, पेनं काढून.

"वह्या मिटा," मी म्हणालो. मी टेबलामागून उठून समोरच्या रिकाम्या बाकावर बसलो. गुडघे मावेनात. "मला उत्तर माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की माझ्या बापाचं नाव काचकिन होतं. तो सोळा सालच्या हिवाळ्यात चीनमध्ये कुणाच्या तरी गोठ्यात जन्मला. हेसुद्धा मला एप्रिलमध्ये कळलं. बाप तिथून कसा परत आला, कुणाबरोबर आला, काही माहीत नाही. मी इतिहासाचा शिक्षक. घरात बाप होता, आणि मी त्याला कधी विचारलं नाही."

"का नाही विचारलं?" हे बुरुल म्हणाली.

"भीती वाटायची," मी म्हणालो. "बाप सांगेल याची. आणि ते ऐकल्यावर वर्गात काय शिकवायचं, याची त्याहून जास्त."

एवढं बोललो आणि मानेवरचं जू कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखं हलकं झालं. मला वाटलं होतं, पोरांच्या नजरेतून उतरेन. मागच्या बाकावरचा एकजण सहज म्हणाला, "माझे आजोबा पण काचकिन." दुसरी म्हणाली, "आमच्या गल्लीत दोन तेन्ती आहेत." मग बुरुल उभी राहिली आणि तिनं खिंडीची हकिकत सांगितली. या वेळी सगळी सांगितली, वारा, मेलेल्या घोड्यांची पोटं फाडून आत ऊब घेणारी माणसं, सगळं. पोरं ऐकत राहिली.

ती बसली तसा रिस्पाय चष्मा वर सरकवत म्हणाला, "पण बुरुल, तुझी आजी तेव्हा एक दिवसाची होती."

"मग?"

"मग तिनं पाहिलं कसं? हे तिला नंतर कुणीतरी सांगितलं असणार. ते खरं कशावरून? पुस्तकावर विश्वास नाही, मग ऐकीव गोष्टीवर का?"

बुरुल लालबुंद झाली. "माझी आजी खोटं बोलते?"

"मी तसं म्हटलं का? मी म्हणतो, तिला कुणी सांगितलं ते विचारायला हवं. आणि चीनमध्ये जे राहिले त्यांनाही. आणि फौजेतल्या कुणी लिहून ठेवलं असेल तर तेही."

"बेदेलला जाऊन विचार, सीमेवरचे शिपाई चहा देतील!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. दोघं एकदम बोलायला लागले, मग पाच, मग सगळेच. रिस्पायची कानशिलं तापली होती. तो बाकावर हात आपटून बोलत होता, आणि त्यातलं एकही वाक्य मी लिहून दिलेलं नव्हतं. मला ते ऐकताना इतकं बरं वाटत होतं की कुणाचं खरं, कुणाचं खोटं, हे ठरवायची घाईच होईना.

दार धाडकन उघडलं. एजे. "हा काय बाजार मांडलाय?"

सगळी चिडीचूप. सव्वीस वर्षांची सवय एका सोमवारात जात नाही, माझीही नाही. मी ताडकन उभा राहिलो.

"चर्चा चालू आहे, एजे."

त्यांनी वर्गावरून नजर फिरवली, मग दार आतून लावून घेतलं आणि शेवटच्या बाकावर त्या चौघा टोपीवाल्यांच्या मध्ये जाऊन बसल्या. "चालू द्या," म्हणाल्या. "पण एकेकानं. मला एका कानानं कमी ऐकू येतं."

दुपारी दीड वाजेपर्यंत आम्ही बसलो होतो. शेवटी पोटात कावळे ओरडायला लागले म्हणून उठलो. जिल्ह्याला एक कागद पाठवायचा होता. त्यात तारीख, उपस्थिती आणि 'चर्चेचे निष्कर्ष' असे तीन रकाने. मी पेन हातात धरून एजेंना विचारलं, निष्कर्षात काय लिहू?

"निघाला का काही?"

"नाही."

"मग तसंच लिही."

मी लिहिलं. त्यांनी सही केली, शिक्का फुंकून ओला केला आणि त्यावर मारला. त्यावर कुणी काही विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात विचारणाऱ्यांनाच काय विचारावं ते कळत नव्हतं.

रिस्पायला पदक मिळालं. बुरुल फ्रुंझेला गेली, आता गुरांची डॉक्टर आहे. उन्हाळ्यात कुरणांवर फिरते आणि माझ्याशी भांडायला वर्षातून एकदा येते. त्या चर्चेच्या सोमवारी मात्र मी शाळेतून घरी आलो, दोन वाडगे भरून शेवयांचं कालवण ओरपलं आणि दुपारीच आडवा झालो. बायकोनं संध्याकाळी हलवून उठवलं तेव्हा गाई परत आल्या होत्या.